माजी सैनिकाचे हक्क, गावाचे काम

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच बाकावर बसणारी दोन मुले डोळ्यांपुढे आणा. त्यांतला एक पुढे राज्य सरकारी कारकून झाला, दुसरा अठराव्या वर्षी सैन्यभरतीत निवडला गेला. कारकून ५८व्या वर्षी निवृत्त होईल. त्याचा शिपाई मित्र मात्र १७ ते १९ वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर घरी परतलेला असेल. हवालदारापर्यंत चढला असेल, तर पंचेचाळिशीच्या आसपास. सैन्य तरुण राहिले पाहिजे, ही देशाची गरज. म्हणून ही लवकरची निवृत्ती. त्या वयात मुले सहावी-सातवीत असतात, आईवडील थकलेले असतात, घराचे बांधकाम अर्ध्यावर असते. संसाराचा सगळ्यात मोठा खर्च पुढे उभा असतो आणि हातात येते ती निम्म्या पगाराची पेन्शन.

दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक असे घरी येतात. पश्चिम महाराष्ट्रात तर फौजी नाही असे गाव शोधावे लागेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावांत निवृत्त फौजीला सगळे ‘मेजर’ म्हणतात, मग तो नाईक म्हणून घरी आलेला असो की सुभेदार म्हणून. २६ जानेवारीला झेंड्यापाशी त्याला मानाची जागा असते. हा मान खरा आहे, मनापासूनचा आहे. पण माजी सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला कायद्याने जे मिळायला हवे, ते अनेक घरांपर्यंत पोहोचतच नाही. योजना नाहीत असे नाही. त्या कुठे आहेत, कशा मिळतात आणि कागद कुठे अडतो, हे सांगणारे माणूस जवळ नसते. ते माणूस आपण होऊ शकतो. त्यासाठी ही व्यवस्था कशी उभी राहिली आणि कशी चालते, हे आधी समजून घ्यायला हवे.

दापोलीच्या पेन्शनरांपासून

आज मिळणारा बहुतेक प्रत्येक हक्क माजी सैनिकांनी स्वतः मागून, लढून मिळवलेला आहे. त्या परंपरेची एक जुनी पाऊलखूण कोकणात आहे. एकोणिसाव्या शतकात दापोली हे लष्करी पेन्शनरांच्या वस्तीचे गाव होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. याच दापोलीत निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी आणि संघटना उभी केली. ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी विनंतिपत्र तयार केले. पिढ्यान्‌पिढ्या इमानाने लढलेल्यांना जातीच्या नावाखाली दार बंद का, हा त्यातला सवाल होता. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी थेट ब्रिटिश सरकारपुढे नेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. पण गणवेश उतरवलेल्या माणसाने अर्ज लिहायचा, चार जणांना सोबत घ्यायचे आणि आपल्या माणसांसाठी दाद मागायची, ही वाट तिथे पडली होती.

स्वातंत्र्यानंतर या कामासाठी सरकारी यंत्रणा वाढत गेली. केंद्रात संरक्षण मंत्रालयाखाली २००४ पासून माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड, पुनर्वसन महासंचालनालय आणि वैद्यकीय योजना त्याच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्रात राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. माजी सैनिकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ओळखपत्र, शिष्यवृत्तीची शिफारस, आर्थिक मदतीचा अर्ज, मुलामुलींच्या वसतिगृहातला प्रवेश, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, ही सगळी कामे इथून सुरू होतात. निवृत्त होऊन घरी आल्यावर इथे नाव नोंदवणे हे पहिले काम, आणि अनेक जण नेमके तेच लांबणीवर टाकतात.

एक हुद्दा, दोन पेन्शन

माजी सैनिकांच्या चळवळीतला सर्वांत मोठा लढा ‘वन रँक वन पेन्शन’चा. त्यामागचा प्रश्न साधा आहे. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते आणि पगार दर वेतन आयोगाला वाढतो. त्यामुळे एक हवालदार १९९५ मध्ये निवृत्त झाला आणि दुसरा २०१३ मध्ये, दोघांचीही नोकरी २२ वर्षांची, तरी आधी निवृत्त झालेल्याच्या हातात कमी रक्कम पडायची. सैनिक ऐन उमेदीत निवृत्त होतो, म्हणजे पुढची तीसचाळीस वर्षे त्याला या पेन्शनवर काढायची असतात. ही तफावत त्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त जाचते. अधिकाऱ्यांनाही याचा फटका बसला होता. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्या मेजर जनरलांना नंतरच्या ब्रिगेडियरांपेक्षा कमी पेन्शन मिळत असल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये निकाल त्या अधिकाऱ्यांच्या बाजूने लागला.

मागणी जुनी होती. माजी सैनिकांनी मिरवलेली पदके राष्ट्रपतींकडे परत केली. २०११ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने समान हुद्दा आणि समान नोकरी असलेल्यांना समान पेन्शन द्यावी, अशी शिफारस केली. जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर म्हाताऱ्या फौजींनी साखळी उपोषण मांडले. अखेर ७ नोव्हेंबर २०१५ चा आदेश निघाला आणि योजना १ जुलै २०१४ पासून लागू धरली गेली. २०१३ मध्ये त्या हुद्द्यावरून तेवढ्याच नोकरीनंतर निवृत्त झालेल्यांची किमान आणि कमाल पेन्शन घेऊन तिची सरासरी काढायची आणि जुन्यांना तेवढी द्यायची, असा हिशेब ठरला. सरासरीपेक्षा जास्त मिळत असेल, त्याची पेन्शन कमी होणार नव्हती. फेरआढावा दर पाच वर्षांनी ठेवला. त्यानुसार १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ या तारखांपासून सुधारणा झाल्या.

आढावा दरवर्षी व्हावा, ही संघटनांची मागणी मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. पाच वर्षांची पद्धत कायम राहिली. मात्र २०१९ च्या सुधारणेची थकबाकी रेंगाळली, तेव्हा मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने देण्याचे वेळापत्रकच बांधून दिले. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या महिला आणि शौर्यपदक विजेते आधी, मग सत्तरी ओलांडलेले, मग बाकीचे. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्याकडे वेळ कमी आणि आधार कमी, त्यांचे काम आधी झाले पाहिजे, हे त्यात आहे. गावपातळीवर मदत करणाऱ्यानेही हाच क्रम धरावा.

आजारपण आणि अपंगत्व

२००३ पूर्वी निवृत्त सैनिकाला उपचारांसाठी मुख्यतः लष्करी रुग्णालयांवर अवलंबून राहावे लागे, आणि ती असतात छावणीच्या शहरांत. १ एप्रिल २००३ पासून ‘ईसीएचएस’ ही अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची. मग सैनिक, पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील यांच्यावर कॅशलेस उपचार होतात. देशभर या योजनेची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. आधी पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचे आणि गरज पडल्यास तिथल्या शिफारशीने यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचे, ही नेहमीची पद्धत.

अडचण येते ती रात्री-अपरात्री. हृदयविकाराचा झटका आला, अपघात झाला, तर शिफारशीची चिठ्ठी आणायला कोण जाणार? अशा वेळी थेट जवळच्या रुग्णालयात नेता येते, अगदी ते यादीत नसले तरी. पण दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. हे माहीत नसल्यामुळे बिल अंगावर पडते. प्रत्येक फौजी कुटुंबाने जवळच्या पॉलिक्लिनिकचा फोन क्रमांक आणि यादीतल्या रुग्णालयांची नावे घरात भिंतीवर लावून ठेवावीत. घरातल्या कर्त्या मुलालाच ते ठाऊक असून भागत नाही. आजारपणाच्या वेळी घरी बहुधा वहिनी किंवा आई असते.

अपंगत्वाच्या पेन्शनचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. नोकरीत असताना आजार किंवा इजा झाली आणि वैद्यकीय मंडळाने सैनिकाला घरी पाठवले, ज्याला फौजी ‘बोर्ड आऊट’ म्हणतात, तर तो आजार सेवेमुळे झाला की नाही यावर सगळे अवलंबून असते. अनेकांच्या कागदावर ‘सेवेशी संबंध नाही’ एवढेच लिहिलेले असे. २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत महत्त्वाचा निकाल दिला. ते १९८५ मध्ये सिग्नल कोरमध्ये भरती झाले होते आणि फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ मध्ये त्यांना काढण्यात आले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस त्या वेळी निरोगी होता असे धरले पाहिजे. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही आणि शंकेचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. २०१४ च्या एका निकालाने ५० टक्क्यांहून कमी ठरलेले अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरण्याचा लाभही व्यापक केला. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत. म्हणून आपले प्रकरण कोणत्या तारखेचे, हे आधी पाहावे.

दाद मागायची जागा म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७ चा, काम सुरू झाले २००९ मध्ये. मुख्य पीठ दिल्लीला आहे आणि एक विभागीय पीठ मुंबईत. पेन्शन, अपंगत्व, बढती, शिक्षा अशा सेवाविषयक तक्रारी इथे चालतात. मात्र न्यायाधिकरणात जाण्याआधी संबंधित कार्यालयाकडे रीतसर अर्ज आणि अपील करून त्याची पोच जपून ठेवलेली असावी. पोच नसलेला अर्ज वकिलाच्याही उपयोगाचा नसतो.

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात पुण्याचे योगदान फार मोठे आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमींना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती खडकीला आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना पायांवर उभे करते आहे. खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कमरेखालून किंवा मानेखालून लुळे पडलेले जवान तिथे राहतात, चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात. हात चालत नाहीत असे काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात.

आणि मुरलीकांत पेटकर यांची कथा तर महाराष्ट्राला पाठ असायला हवी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातला हा ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती कोरचा, जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाला. उपचारांचा भाग म्हणून पोहू लागला आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणि विश्वविक्रम घेऊन आला. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्या काळात मदतीचा हात दिला होता, पुण्यातल्या टेल्कोने नोकरी दिली. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल यावे लागले. माणसाच्या अंगात जिद्द होतीच. तिला रुग्णालय, तलाव, तिकिटाचे पैसे आणि नोकरी देणारे कुणी भेटले म्हणून ती जगाला दिसली.

कागदावरचे नाव

फौजीच्या घरातला सर्वांत मौल्यवान कागद म्हणजे पीपीओ, अर्थात पेन्शन मंजुरीचा आदेश. त्यानंतर डिस्चार्ज बुक. या दोन कागदांवर पत्नीचे नाव, तिची जन्मतारीख, मुलांची नावे बरोबर असतील, तर फौजी गेल्यावर कुटुंब पेन्शन फारसा त्रास न होता सुरू होते. चुकीची असतील, तर ऐन दुःखात त्या बाईला महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात.

चुका होतात त्याही ठराविक. लग्नानंतर सासरी नाव बदललेले, पण सैन्याच्या नोंदीत माहेरचे. आधार कार्डावर ‘सुमन’, पीपीओवर ‘सुमनबाई’. जन्मतारीख अंदाजे लिहिलेली. लग्नाची किंवा मुलाच्या जन्माची नोंद युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये चढलीच नाही. नोकरीत असताना ही दुरुस्ती युनिटमधला क्लार्क करू शकतो. निवृत्तीनंतर ती रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यावी लागते: मराठा लाईट इन्फंट्रीच्या माणसाला बेळगावहून, महार रेजिमेंटच्या माणसाला मध्य प्रदेशातल्या सागरहून, बॉम्बे सॅपर्सच्या माणसाला खडकीहून. दुरुस्ती करायची ती स्वतः धडधाकट असताना. नवरा गेल्यावर तीच दुरुस्ती दसपट अवघड होते.

आता बहुतेक संरक्षण पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून प्रयागराजच्या लेखा कार्यालयामार्फत थेट खात्यात जमा होते. पूर्वी बँकेत ओळखीचा कर्मचारी असे. आता लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी असतो. पैसे थेट मिळतात, हिशेब दिसतो, हा फायदा मोठा. पण जुनी माहिती संगणकावर चढताना झालेल्या चुका, बदललेला मोबाईल क्रमांक आणि वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला यांत ऐंशी वर्षांचा माणूस अडकतो. दाखला वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते. ‘जीवन प्रमाण’ची डिजिटल सोय २०१४ पासून आहे आणि ती गावाजवळच्या सेवा केंद्रातही होते. मुद्दा एवढाच की त्याला तिथवर घेऊन जाणारा नातू हवा, किंवा शेजारी. ‘स्पर्श’मधून बोलतोय असे सांगून ओटीपी मागणाऱ्या भामट्यांपासून सावध करणाराही तोच.

कुटुंब पेन्शनचेही प्रकार आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. सामान्य मृत्यूनंतर मिळते ती साधारण कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. सुरुवातीची काही वर्षे ५० टक्के. सेवेमुळे मृत्यू झाल्यास विशेष कुटुंब पेन्शन, ६० टक्के. युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आल्यास उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी रक्कम. कोणत्या प्रकारात नोंद झाली, हे पीपीओ वाचून तपासलेच पाहिजे. शिवाय निवृत्तीनंतरही ठरावीक वर्षांपर्यंत आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे विमाकवच चालू असते. त्या काळात मृत्यू झाल्यास वारसाला रक्कम मिळते, पण दावा करावा लागतो.

चाळिशीतली दुसरी नोकरी

सैनिक घरी येतो तेव्हा त्याला पेन्शनइतकीच कामाची गरज असते. केंद्र सरकारच्या गट ‘क’मध्ये माजी सैनिकांसाठी १० टक्के आणि गट ‘ड’मध्ये २० टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक बँकांत हे प्रमाण अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के आहे. महाराष्ट्र सरकारच्या गट ‘क’ व ‘ड’ पदांत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. वयाच्या अटीतून सैनिकी सेवेची वर्षे आणि वर आणखी तीन वर्षे वजा होतात. कागदावर हे भरघोस दिसते. प्रत्यक्षात त्यांतल्या बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. स्पर्धा परीक्षेची सवय सुटलेली, पदवीची अट अडलेली, जाहिरात कधी आली ते कळले नाही, अशी कारणे असतात. दहावी झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट ‘क’मधल्या काही पदवीस्तर पदांसाठी पात्र धरता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

मग उरते ती सुरक्षारक्षकाची नोकरी. त्या कामात कमीपणा नाही. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, अनेकांना अशी कामे मिळवून देते. डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये, पुन्हा भरती होऊन लष्करी ठाण्यांच्या रक्षणासाठीही अनेक जण जातात. पण ईएमईतून आलेला माणूस अवजड वाहनाचे इंजिन उघडून पुन्हा जोडू शकतो. सिग्नलवाला दळणवळणाची यंत्रे सांभाळत आलेला असतो. मेडिकल कोरचा नर्सिंग असिस्टंट जखमीला पहिल्या तासात कसे सांभाळायचे, हे आपल्या तालुक्यातल्या बहुतेकांपेक्षा चांगले जाणतो. सुभेदाराने डोंगरात, बर्फात माणसांची तुकडी चालवलेली असते. हे कौशल्य कारखानदाराला समजेल अशा शब्दांत अर्जावर उतरत नाही, म्हणून त्याला फाटकावर उभे केले जाते. सैनिकाने निवृत्तीआधीच पुनर्वसन महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांचा लाभ घ्यावा. आणि एमआयडीसीतल्या उद्योजकांनी माजी सैनिकाची मुलाखत घेताना त्याचा ट्रेड कोणता, हा प्रश्न आधी विचारावा.

ज्यांना पेन्शनच नाही

सर्वांत मोठी उपेक्षा पेन्शन नसलेल्यांची होते. पूर्वी पुरेशी वर्षे न भरता घरी आलेले बरेच सैनिक आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, ६५ वर्षांवरचा, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळते. ते महिना ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये झाले आहे. त्याच वेळी दोन मुलांपर्यंतची शिक्षण मदत प्रत्येकी महिना १,००० वरून २,००० रुपये आणि मुलीच्या लग्नाची मदत ५०,००० वरून १ लाख रुपये झाली. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिकणाऱ्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात.

निर्वाह, शिक्षण आणि लग्नाच्या या अनुदानांचा पैसा येतो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. शाळेत मुलांच्या खिशावर लावले जाणारे ते छोटे निशाण एखाद्या निराधार वृद्ध फौजीच्या महिन्याच्या किराण्याशी जोडलेले आहे, हे शिक्षकांनी मुलांना सांगायला हवे.

आता एक नवा प्रश्न दारात आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतल्या अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षे पूर्ण करण्याच्या टप्प्यावर आली आहे. त्यांतले कमाल २५ टक्के कायम होतील. बाकीचे ‘सेवा निधी’ घेऊन बाविशी-पंचविशीत घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांच्या शिक्षणाची आणि कामाची सोय आत्ताच विचारात घेतली नाही, तर काही वर्षांनी हाच लेख त्यांच्यासाठी पुन्हा लिहावा लागेल.

गाव काय करू शकते

माजी सैनिक हा केवळ मदत घेणारा माणूस आहे, असे समजणे चूक ठरेल. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत पाणी अडवण्यापासून काम सुरू केले आणि दुष्काळी गावाचे रूप पालटले. मराठवाड्यात महार रेजिमेंटच्या माजी सैनिकांची प्रादेशिक सेनेची इको बटालियन उजाड टेकड्यांवर झाडे लावते, जगवते. शिस्त, वेळ, प्रथमोपचार, नकाशा वाचणे, संकटात डोके शांत ठेवणे हे गुण गावाला पूर आला तेव्हाही हवे असतात आणि शाळेच्या मैदानावरही.

गावाच्या बाजूनेही काही साध्या गोष्टी होऊ शकतात. ग्रामसेवकाने गावातील माजी सैनिक, वीरपत्नी, वीरमाता यांची यादी करावी आणि कुणाच्या कागदात काय त्रुटी आहे ते नोंदवावे. वर्षातून एकदा ग्रामपंचायतीत शिबिर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या माणसाला बोलवावे. हयातीचा दाखला, पीपीओतल्या नावाची दुरुस्ती, ईसीएचएस कार्ड, मुलांचे शिष्यवृत्ती अर्ज, माजी सैनिकाला एका घरावर मिळणारी मालमत्ता करातली सूट, एवढी कामे एका दिवसात मार्गी लागू शकतात. तलाठ्याने सैनिकाच्या जमिनीची प्रकरणे तो सुट्टीवर असताना निकाली काढावीत. सीमेवर असताना बांध सरकल्याचे कळले तर त्याला झोप लागत नाही. २६ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहाय्यता योजना’ सुरू केली आहे. तिच्यात सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रे उभी करायची आहेत. जमीन, वारस, पोटगी, पेन्शन अशा बाबतींत त्यांचा आधार घ्यावा.

मनाच्या दुखण्याबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. वीस वर्षे पलटणीत, बरॅकीत, रोलकॉलच्या शिट्टीवर जगलेला माणूस एकदम घरात येतो. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेले असते. बायकोने एकटीने सगळे निभावलेले असते. मुलांना बाप सुट्टीतला पाहुणा म्हणूनच माहीत असतो. काही जण चिडचिडे होतात, काही दारूत बुडतात, काही बोलायचेच बंद होतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी खास कक्ष सुरू झाला. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक कुणीही फिरवू शकतो. पण त्याआधी पलटणीतल्या जुन्या मित्राचा फोन, गावच्या फौजी मंडळाची महिन्याची बैठक, तालमीत मुलांना शिकवण्याचे काम, यांनीही माणूस सावरतो.

वीरपत्नीला तर आपण फार लवकर विसरतो. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले, तेव्हा सारा सातारा रस्त्यावर उतरला होता. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात लेफ्टनंट झाल्या. प्रत्येक वीरपत्नी गणवेश घालू शकणार नाही, तिने घालावा अशी अपेक्षाही नको. तिला शिकायचे असेल तर शिकता यावे, नोकरी हवी असेल तर मिळावी, पुन्हा लग्न करायचे असेल तर गावाने नाके मुरडू नयेत आणि पेन्शनचा पैसा तिच्या हाती, तिच्या खात्यात राहावा. एवढे बघणे सासर-माहेर आणि गाव या तिघांचे काम आहे.

येत्या ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीला पैसे द्याच. पण त्याच आठवड्यात एक काम आणखी करा. आपल्या वाडीतल्या, सोसायटीतल्या सर्वांत म्हाताऱ्या फौजीच्या किंवा फौजीच्या विधवेच्या घरी जा. पीपीओ आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख, वारस तपासा. हयातीचा दाखला गेला का, ईसीएचएस कार्ड चालू आहे का, मोबाईल क्रमांक तोच आहे का, ते विचारा. चूक सापडली तर अर्ज लिहून द्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जा आणि पोच घेऊन या.